लाल पट्टीअलीकडची पेज

सिंधू सिस्टरचा फोन आला तेव्हा मी सर्जरी वॉर्डात होतो. बावीस नंबरच्या बेडवरच्या आजोबांना आज फक्त पातळच का मिळणार, हे तिसऱ्यांदा समजावत होतो. सिंधू सिस्टर म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरच्या इन्चार्ज. त्यांनी मला फोन करायचं खरं तर काही कारण नाही. ओटीत पेशंट भूल दिलेला असतो. त्याला डाएट लागत नाही.

"वर या," त्या म्हणाल्या. "एक रेसिडेंट चक्कर येऊन पडलीय. साखरपाणी पाजलं, पण बिस्किट खायला तयार नाही. हे तुमच्या खात्यातलं काम आहे."

मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. ओटीच्या दारात चपला बदलायचं बाकडं आहे. बाकड्यापुढे फरशीवर लाल पट्टी मारलेली आहे. बाहेरच्या चपला त्या पट्टीच्या पलीकडे जात नाहीत, बाहेरचा माणूस जात नाही आणि अन्नाचा कण तर सिस्टर जाऊच देत नाहीत. बाकड्यावर डॉ. केतकी बसली होती. हिरवे कपडे, टोपी, पांढरे पडलेले ओठ. हातात बिस्किटांचा पुडा, न फोडलेला. ती वयाने माझ्या पुतणीएवढी, म्हणून इथे एकेरीत लिहितोय. समोर मी डॉक्टरच म्हणतो.

"खा ना डॉक्टर," मी म्हणालो.

"सगळे आत आहेत सर. सकाळपासून कोणीच काही खाल्लेलं नाही."

"पण पडलात तुम्ही."

"म्हणून काय झालं? सीनियर आत उभे आहेत."

मला वाटलं, चक्कर अजून पुरती उतरलेली नाही. पण ती अगदी शुद्धीवर होती. ती मला तिथला नियम सांगत होती.

रेसिडेंट म्हणजे कोण, ते आधी सांगतो. एमबीबीएस झालेला, औषध लिहून देऊ शकणारा पूर्ण डॉक्टर. तो पुढे तीन वर्षं एखाद्या विषयात तयार होत असतो. सर्जरीच्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचं ओटीतलं मुख्य काम रिट्रॅक्टर धरणं. रिट्रॅक्टर ही वाकवलेली स्टीलची पट्टी असते. तिने जखमेची कड ओढून धरायची, म्हणजे सर्जनला आतलं दिसतं. दोन तास, तीन तास, हलायचं नाही. हात हलला की सर्जनच्या डोळ्यांसमोरचं चित्र हलतं.

तेवढ्यात केस संपवून एचओडी सर बाहेर आले. सर्जरी विभागाचे प्रमुख. उंच, कमी बोलणारे, कधी आवाज न चढवणारे. मास्क खाली करून ते केतकीला म्हणाले, "पंधरवड्यात दुसरी वेळ. सगळ्या तपासण्या झाल्या?"

"हो सर. नॉर्मल आहेत. फक्त शुगर खाली येते."

"तिसऱ्यांदा झालं तर मी ओटी पोस्टिंग बंद करीन. उद्या हातात रिट्रॅक्टर असताना पेशंटवर पडलात तर उत्तर मला द्यावं लागेल. सर्जन उभा राहू शकत नसेल तर त्याने दुसरी ब्रँच बघितलेली बरी."

चुकीचं काहीच बोलले नाहीत. पेशंटचा विचार त्यांनी करायलाच हवा. पण ओटी बंद म्हणजे सर्जरी शिकणं बंद. केतकी एकलहऱ्याची. वडील वीज केंद्रात ऑपरेटर. दोनदा परीक्षा देऊन तिने ही सीट मिळवली होती. सर आत गेल्यावर तिने पुडा माझ्या हातात दिला, तोंडावर पाणी मारलं आणि पट्टी ओलांडून आत गेली.

माझ्याकडे हा विषय नवा नव्हता, हीच लाजेची गोष्ट आहे.

मी या हॉस्पिटलात डाएटिशियन आहे. पुरुष डाएटिशियन म्हटल्यावर निम्मे नातेवाईक मला कँटीनचा माणूस समजतात आणि चहाची ऑर्डर देतात. मी राग मानत नाही. मी हरसूलकडचा. आश्रमशाळेत शिकलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं दार पाहिलेलं नाही. आहारशास्त्र असं काही शास्त्र असतं, हे मला गुरुजींनी सांगितलं आणि फॉर्मही त्यांनीच भरला. त्यामुळे गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र घालताना मला आजही बरं वाटतं, आणि दिलेलं काम नीट झालं नाही तर फार वाईट वाटतं.

दोन महिन्यांपूर्वी सुपरिंटेंडेंट मॅडमनी मला बोलावून सांगितलं होतं की रेसिडेंट डॉक्टरांच्या तब्येतीसाठी काहीतरी करायचंय. वेलनेस म्हणतात त्याला. मी मन लावून केलं. तळमजल्यावर कँटीनच्या शेजारी ‘हेल्दी स्नॅक्स कॉर्नर’ उघडला. मोड आलेली मटकी, कापलेली फळं, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, ताक. भिंतीवर पोस्टर, कशात किती प्रोटीन आणि किती लोह. मॅडमनी फीत कापली. फोटो निघाले. रोज दुपारपर्यंत सगळं संपायचं आणि मी रोज खूश व्हायचो.

केतकी पडली त्या दिवशी मी पहिल्यांदा कॉर्नरसमोर खुर्ची टाकून बसलो. दुपारपर्यंत बिलिंगचे क्लार्क आले, लॅबची माणसं आली, नातेवाईक आले. औषध कंपन्यांचे एमआर तर रांगेने आले. त्यातला एक मला म्हणाला, "साहेब, मटकी एक नंबर असते. आमच्या लाइनमध्ये सगळ्यांना सांगितलंय." एकही रेसिडेंट फिरकला नाही. दोन महिने मी नाशिकच्या एमआर लोकांचं आरोग्य सुधारत होतो.

मग मी ते केलं, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. आमच्या धंद्यात चोवीस तासांचा रिकॉल म्हणून एक साधी पद्धत आहे. समोरच्याला बसवायचं आणि कालपासून या क्षणापर्यंत तोंडात काय गेलं ते क्रमाने विचारायचं. उपदेश करायचा नाही, तोंड वाकडं करायचं नाही, नुसतं लिहायचं. पेशंटला हे मी हजारदा विचारलं असेल. डॉक्टरला कधी विचारलं नव्हतं.

केतकी दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये सापडली. काल दुपारी चार वाजता अर्धी प्लेट मिसळ. कॉल आला, पाव तसेच राहिले. संध्याकाळी दोन बिस्किटं. सकाळी साडेसहाला चहा.

"आणि डबा? वडील गेटवर डबा देतात असं सिस्टर म्हणाल्या."

"येतो रोज. रिकामा परत जातो."

"म्हणजे खाता."

"वॉर्डातल्या मावशींना देते. त्या धुऊन आणून देतात. आईला वाटतं मी जेवते. सर, हे लिहू नका."

मी ते लिहिलं नाही. पण का खात नाही, ते विचारलं. तिने मला समजेल असं सांगितलं. सकाळी सर राउंडला येतात. त्यांच्या मागे असोसिएट, म्हणजे सरांच्या खालचे प्रोफेसर, मग तिसऱ्या वर्षाचे, मग दुसऱ्या, मग पहिल्या. जेवणही त्याच क्रमाने. वरच्याने खाल्लं की खालच्याने खायचं. सर मात्र लिस्ट संपल्याशिवाय, म्हणजे त्या दिवशीची सगळी ऑपरेशनं उरकल्याशिवाय, काही खात नाहीत. त्यांची ती सवय जुनी आहे. मग असोसिएट कसे खातील? आणि तिसऱ्या वर्षाचा कसा खाईल?

"हे कोणी सांगितलं तुम्हाला? लिहिलेलं आहे कुठे?"

"कोणी सांगत नाही सर. पहिल्या दिवशी कळतं."

इम्रानलाही विचारलं. डॉ. इम्रान मालेगावचा, तिसऱ्या वर्षाचा, सगळ्या रेसिडेंटचा म्होरक्या. तो हसला आणि म्हणाला, "आमच्या रोजाला सुटायची वेळ तरी ठरलेली असते. या रोजाला तीही नाही."

पाच रेसिडेंटचे रिकॉल झाले. ते मांडायला मला योग्य फॉर्म सापडेना. शेवटी एनबीएमचा घेतला. एनबीएम म्हणजे निल बाय माउथ, तोंडावाटे काही द्यायचं नाही. ऑपरेशनच्या आधी पेशंटला ठरावीक तास उपाशी ठेवतात. शेवटचं अन्न किती वाजता आणि शेवटचं पाणी किती वाजता, ते लिहून फॉर्म फाइलला लावतात. मी त्या दिवशीच्या पहिल्या केसच्या पेशंटचा फॉर्म पाहिला. त्याखाली त्याच पद्धतीने पाच डॉक्टरांचे भरले. नावांच्या जागी आकडे घातले. पेशंटपेक्षा त्याचं ऑपरेशन करणारे जास्त वेळ उपाशी होते. पाचातले चार.

ते कागद घेऊन मी एचओडी सरांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी सगळे वाचले. मग एक कागद वर ठेवून म्हणाले, "हा कोण?"

"नाव नाही सर टाकलेलं."

"मला माहीत आहे कोण ते." त्यांनी कागद परत केले. "आम्ही असेच शिकलो. तुम्हाला काय हवंय?"

"दोन केसच्या मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी. सगळ्यांना."

"लिस्टवर रोज पाच-सहा पेशंट असतात. शेवटचा पेशंट उपाशीच पडून असतो. तुमच्या पंधरा मिनिटांसाठी त्याला आणखी तासभर उपाशी ठेवू? तुम्ही डाएटिशियन आहात. डाएट द्या. वेळ मागू नका."

मी बाहेर आलो. ते म्हणाले त्यात खोट काढता येईना. शेवटच्या पेशंटची ओरड मीच वॉर्डात रोज ऐकतो. म्हटलं ठीक आहे. वेळ मागायचा नाही. जो आहे तो शोधायचा.

सिंधू सिस्टरांची परवानगी काढून मी तीन दिवस सकाळी नऊपासून लाल पट्टीच्या अलीकडे उभा राहिलो. हातात घड्याळ आणि कागद. सिस्टर येताजाता म्हणायच्या, "पहारेकरी, काही सापडलं का?"

तिसऱ्या दिवशी सापडलं. एक केस संपते. पेशंटला शुद्धीवर आणून बाहेर काढतात. वॉर्डबॉय मामा आतली फरशी पुसतात. दुसरा पेशंट आत येतो. एवढ्या वेळात पहिल्या वर्षाचा रेसिडेंट लॅबचा फॉर्म भरतो, पेशंटबरोबर रिकव्हरी रूमपर्यंत जातो आणि परत येताना याच बाकड्यापाशी चपला बदलतो. तिथून हात धुवायला जाईपर्यंत मध्ये चार मिनिटं असतात. कधी तीन. बाकीचे सीनियरही त्याच सुमारास पाठ मोकळी करायला तिथेच येऊन उभे राहतात.

चार मिनिटांत काय खाता येईल? मटकीला वाटी-चमचा लागतो आणि बसावं लागतं. फळ चावावं लागतं, हात चिकट होतात. चिक्कीचा चुरा पडतो. सिस्टरनी आधीच बजावलं होतं, "एक कण सांडला तरी मुंग्या येतील. मुंगी दिसली की तुमचं बंद." म्हणजे चावायचं नाही, हात लागायचा नाही, सांडायचं नाही, वास यायला नको, आणि दोन-तीन तास पाय टिकले पाहिजेत. मी माझी पुस्तकं काढली. पुस्तकात अशा माणसाचं डाएट नव्हतं.

घरी गेलो तेव्हा आई आलेली होती, हरसूलहून. तिला मी सगळं सांगितलं, कारण तिला हॉस्पिटलच्या गोष्टी आवडतात. ती म्हणाली, "मंग पेज द्यायची. आवणीला दिवसभर वाकून उभं राहायचं, तवा भाकर कोण खात बसतंय? पेज पिली का दुपारपर्यंत पाय लटपटत नाय."

आवणी म्हणजे भाताची लावणी. गुडघाभर चिखलात, पावसात. बांधावर नागलीच्या पेजेचा हंडा ठेवलेला असायचा. हात चिखलाचे, म्हणून कोणीतरी पेला तोंडाला लावायचं. शहरात नाचणी म्हणतात, आमच्याकडे नागली. मी त्या पेजेवर मोठा झालो आणि तीच मला आठवली नव्हती. पदवी मिळाल्यावर माणूस काही गोष्टी विसरतो. वाईट हेतू नसतो त्यात.

हॉस्पिटलच्या किचनमध्ये सुरुवात केली. पहिली केली ती दूध-गूळ घालून, कारण मला वाटलं डॉक्टरांना गोड आवडेल. पंधरा मिनिटांत वर साय धरली आणि वास यायला लागला. दुसरीत गुठळ्या झाल्या. तिसरी एवढी घट्ट की पेला उलटा केला तरी पडेना. शेवटी आईच्याच मापाने केली. नागलीचं पीठ आदल्या दिवशी भिजवायचं, शिजवून गार करायचं, त्यात ताक, मीठ, जिरेपूड. मी त्यात फुटाण्याच्या डाळीचं बारीक पीठ घातलं, प्रोटीनसाठी. आईने चाखून सांगितलं की डाळ घालून मी बिघडवली, पण पिता येईल.

झाकणाचे स्टीलचे दहा पेले भरून मी ट्रॉली तिसऱ्या मजल्यावर नेली. पट्टीच्या अलीकडे, बाकड्यावर मांडले. पावणेअकराला पहिली केस संपली. सगळे बाहेर आले. मी इम्रानला सांगितलं, हे तुमच्यासाठी. त्याने झाकण उघडून पाहिलं, छान आहे म्हणाला आणि झाकण परत लावलं. दुसऱ्या वर्षाच्या दोघांनी इम्रानकडे पाहिलं. केतकी पेल्याच्या इतकी जवळ उभी होती की हात लांब केला असता तर पुरला असता. एचओडी सर भिंतीला टेकून पुढच्या केसचा एक्स-रे बघत होते. त्यांनी पेल्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. चार मिनिटं संपली. सगळे आत गेले.

दहाच्या दहा पेले मी खाली आणले. ट्रॉलीची चाकं रिकाम्या कॉरिडॉरमध्ये वाजतात तशी वाजत होती.

त्या दुपारी मी किचनमध्ये नेहमीचं काम केलं. रुग्णांचं जेवण वॉर्डात जाण्याआधी एक वाटी वरण, एक वाटी भाजी, एक घास भात मी खातो आणि चव नोंदवहीत सही करतो. मग ड्यूटीवरचे मेडिकल ऑफिसर चाखतात आणि सही करतात. त्याशिवाय जेवण बाहेर जात नाही. नियम जुना आहे, लेखी आहे. सही करताना मला आश्रमशाळा आठवली. तिथेही अशीच वही होती. घंटा झाली तरी आम्ही ताटं घेऊन बसून राहायचो. गुरुजी आमच्यासमोर पहिला घास खायचे, वहीत लिहायचे आणि मान हलवायचे. ती मान हलली की शंभरेक पोरं एकदम खायला लागायची. तोवर कोणाची हिंमत नसायची. भूक सगळ्यांना असायची. परवानगी त्या घासात असायची.

मी पेन खाली ठेवलं आणि सुपरिंटेंडेंट मॅडमकडे गेलो. त्यांना म्हटलं, ओटीला किचनमधून अन्न जायला लागलंय, तर चव नोंदवहीत त्या विभागाची सही कोणाची घ्यायची? त्या स्वतः कधीकाळी रेसिडेंट होत्याच. म्हणाल्या, "नियमाप्रमाणे हजर असलेल्या सर्वात सीनियर डॉक्टरची." आणि तसं दोन ओळींत लिहूनही दिलं.

दुसऱ्या दिवशी लिस्टवर मोठी केस होती. पोटाची, तीन तासांच्या वर जाणारी. केतकीचं नाव रिट्रॅक्टरला होतं. सिंधू सिस्टर सकाळीच हळूच म्हणाल्या, "आज पडली तर संपलं हो तिचं." मोठी केस दुसरी होती. म्हणजे माझ्याकडे पहिल्या केसनंतरची चार मिनिटंच होती.

पावणेअकरा. सगळे बाहेर आले. मी एचओडी सरांपुढे गेलो. एका हातात पेला, दुसऱ्या हातात वही.

"हे काय?"

"चव नोंदवही सर. किचनचं अन्न विभागात आलं की हजर सीनियरने चाखून सही करायची. मॅडमचं पत्र आत आहे."

"मेडिकल ऑफिसरची घ्या."

"ते लिस्टच्या वेळी इथे हजर नसतात सर. आणि न चाखता सही चालत नाही."

त्यांनी पत्र वाचलं. पेल्याकडे पाहिलं. नियम दाखवल्यावर मोडायचा नाही, हा त्यांचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता. मी त्याच्यावरच विसंबलो होतो, हे कबूल करतो. त्यांनी पेला तोंडाला लावला. बाकड्याभोवती कोणी हलत नव्हतं. एक घोट घेऊन ते थांबले, पेल्यात पाहिलं, पुन्हा प्यायले. मग पूर्ण पेला संपवला. तेही सकाळपासून उपाशीच होते, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं. माझ्या फॉर्मवर त्यांचा आकडा घालायचा राहूनच गेला होता.

वहीत सही करून शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: मीठ कमी. वही माझ्या हातात दिली आणि आत गेले.

इम्रानने पेला उचलला. मग दुसऱ्या वर्षाचे दोघे. सगळ्यात शेवटी केतकीने. तिने तो चार घोटांत संपवला, झाकण लावून सरळ ओळीत ठेवला आणि हात धुवायला गेली. एकूण वेळ अडीच मिनिटं.

मी त्या दिवशी वॉर्डातला राउंड उशिरा केला, याची नोंद कुठे नाही. अडीच वाजेपर्यंत मी काही ना काही निमित्ताने त्या बाकड्यापाशी घुटमळत होतो. दार उघडलं. आधी पेशंट आला, शुद्धीत, कण्हत. मग असोसिएट, इम्रान, आणि त्यामागे केतकी, स्वतःच्या पायांवर, हातात लॅबचा फॉर्म घेऊन. बाकड्यावर बसून तिने चपला बदलल्या. मनगटं दुखत असावीत, ती चोळत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "सर, मीठ खरंच कमी होतं."

नंतर तिचं ओटी पोस्टिंग बंद करायचा विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवसापासून सर सहीसाठी स्वतःच हात पुढे करायचे. वहीत शेरे येत राहिले. जिरं जास्त. आज पातळ. एकदा नुसतं ‘बरं’, आणि त्या दिवशी मी ते पान किचनमधल्या सगळ्यांना दाखवलं. केतकीचा डबाही मधूनमधून अर्धा रिकामा होऊन, न धुता परत जायला लागला. न धुता, हे मावशींनी तक्रारीच्या सुरात सांगितलं.

सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. रेसिडेंटची ड्यूटी तेवढीच लांब आहे, झोप तेवढीच कमी. एका पेल्याने त्यावर काही होत नाही. तळमजल्यावरचा कॉर्नरही चालू आहे आणि एमआर मंडळींची प्रकृती उत्तम आहे.

परवा महिन्याच्या तपासणीसाठी ओटीची वही माझ्याकडे आली. या गोष्टीला आता वर्ष उलटून गेलंय. इम्रान पास होऊन गेला. पानं चाळताना एका दिवशी सही ओळखीची वाटेना. सिंधू सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, सर परिषदेला गेले होते, असोसिएट इमर्जन्सीत अडकले, तिसऱ्या वर्षाचा एक त्यांच्याबरोबर, दुसरा रजेवर. बाकड्यापाशी दुसऱ्या वर्षाची एक आणि नवे आलेले तिघं एवढेच होते. ते तिघं पेल्यांकडे बघत भिंतीला चिकटून उभे. मग तिने वही मागून घेतली, सगळ्यांसमोर पेला संपवला, सही केली आणि म्हणाली, "प्या रे. वेळ नाही."

शेऱ्यात लिहिलं होतं: चव ठीक. खाली केतकीची सही.

माझ्या रिकॉलच्या फॉर्मवर तीन रकाने असायचे. काय खाल्लं, किती, केव्हा. आता मी चौथा छापून घेतलाय. तुमच्यात आधी कोण खातं? बाकीचे तीन भरायला लोक आठवत बसतात. हा चौथा कोणालाही विचार न करता भरता येतो.